यंदाचा भोपळा

दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारणी बसल्या होत्या. थोरलीचा गुडघा पट्टीत बांधलेला.

"काकू, जत्रेला येणार ना?"

"काय ठेवलंय गं आता तिथं? नुसता भोंग्यांचा कलकलाट."

"आणि भोपळ्यांची स्पर्धा?"

"घेऊन टाक यंदा तूच पहिला नंबर."

"असा फुकटचा नको मला. तुम्हाला हरवून हवाय."

"आजवर जमलं नाही ते?"

"यंदा जमेल. माझा भोपळा दोघांनाही उचलत नाही."

"हूं."

"खरं सांगा, तुम्ही लावलाच नाहीत?"

"लावलाय की. गोणपाटाखाली झाकलाय."

"झाकलाय कशाला?"

"तू कुंपणावरून डोकावतेस म्हणून."

"बरं बाई, नाही डोकावत. केवढा झालाय तेवढं सांगा."

"जत्रेत बघ. काट्यावर."