लेथची वरची पट्टी

...नाही, पण मी म्हणते, नवीकोरी मशीन! वरचं प्लास्टिकसुद्धा अजून नीट फाडलेलं नाही, आणि आमच्या ह्यांनी तिचा अर्धा भाग उपसून टेबलावर ठेवलेला! तुम्हाला सांगते, मी आपली बघतच राहिले!

आता लेथ, म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवत कापायची ही मशीन, घरात आला कशाला? तर सासूबाईंसाठी! त्यांच्या व्हीलचेअरच्या पुढच्या चाकातला पितळी बुश, म्हणजे आसाभोवतीची ती छोटी नळी, झिजला, चाक लटपटायला लागलं, ढकलावी समोर तर खुर्ची जाते भिंतीकडे! दुकानदार म्हणतो, "हे मॉडेल बंद झालं मॅडम, नवीन घ्या." सासूबाई म्हणाल्या, "नको, ही माझ्या अंगाची झालीये," आणि खिडकीशी बसून राहिल्या. गप्प! एवढं बोलणारं माणूस हो ते... गप्प! ह्यांना राहवेना. मागच्या खोलीत हा छोटा, हौशी लोकांचा लेथ आला. पितळेची कांडी लावली, बटण दाबलं आणि असा किंचाळला म्हणता... मला वाटलं मांजर अडकलं! बुश बघावा तर अंगभर सुरकुत्या!

"कापायचं हत्यार थरथरतंय," हे म्हणाले. "त्याच्याखाली एकावर एक सरकत्या पट्ट्या, प्रत्येकीत थोडी ढिलाई. वरची पट्टी तिरकं कापायला लागते, मला सरळच कापायचंय. काढतो!"

"अहो, गॅरंटी जाईल!"

"जाऊ दे! हत्यार हललं नाही पाहिजे!"

आणि त्या जागी बसवलं काय? लोखंडाचा ठोकळा! भंगारातला, विटेएवढा! कानशीने घासतायत, उंची बघतायत, पुन्हा घासतायत, जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणतात आणि येतच नाहीत... मी आपली बघतच राहिले!

शेवटी ठोकळा बोल्टांनी आवळला, त्यावर हत्यार, आणि बटण... मी कानात बोटं घातली. पण किंचाळणं नाहीच! पितळेची चुरी भुरभुर पडतेय आणि बुश कसा, आरशासारखा! चाकात बसला, सासूबाईंनी हात लावला मात्र, खुर्ची खोलीच्या त्या टोकाला! हे तर चक्क रडले. आणि मी? बघतच राहिले!

आता सुखाने बसावं की नाही? दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं, सासूबाई रस्त्यावर, आणि रस्ता उताराचा! मी ओरडले, "आई, अहो कुठे निघालात?"

लांबून खिदळत आवाज आला, "उतार संपेल तिथे!"

मग काय... चपला हातात घेतल्या आणि पळत सुटले. दुसरं करणार काय?