डाव्या हाताची धार

साखरबाई : हातात देऊ नको. खाली ठेव आधी. चाकू हातोहात दिला की वैर लागतं, किती डाव सांगायचं तुला?

बन्सी : ठेवला, आई. बोयसरला येऊन दोन वर्सं झाली तरी तुझं गावाकडचंच.

साखरबाई : मग काय, रेल्वेत बसले म्हणून अक्कल जिंतूरला ठेवून यायची? पाणी घाल दगडावर. कुणाचा म्हणालास हा?

बन्सी : कामावरच्या एका गड्याचा. मीच म्हणलं, आमच्या आईसारखी धार पुऱ्या तारापुरात कुणी लावत न्हाई.

साखरबाई : दगडावर पाणी घाल म्हणलं, मला लोणी लाव न्हाई म्हणलं. चाकू हाय का उलथनं? ती नवापूरची कोळीण बोंबील घेऊन येती, तिच्या कोयत्याला बी यापरीस धार असती. आन मुठीला हे काय गुंडाळलंय?

बन्सी : वायरीची काळी पट्टी. पकड बसती.

साखरबाई : आरं, हा दोघांनी घासलाय. उजेडात बघ. ही बाजू जुनी, गुळगुळीत, एका तालात झिजलेली. डावखुऱ्याचं काम. आन ही दुसरी, नुसतं ओरखडं. कोंबडीनं उकरल्यावानी. तुझ्या गड्यानं कुण्या अडाण्याच्या हाती दिला व्हता?

बन्सी : दोघं न्हाईत. एकच माणूस हाय.

साखरबाई : एकच?

(दगडावरचं पाणी वाळत आलंय. साखरबाई मुठीवरची पट्टी अंगठ्यानं चाचपते.)

साखरबाई : ह्या पट्टीखाली पितळी खिळा हाय का?

बन्सी : हाय.

साखरबाई : तुझ्या बानं ठोकलेला.

बन्सी : व्हय.

साखरबाई : रामकिसन. माझा थोरला.

बन्सी : व्हय, आई.

साखरबाई : जिता हाय.

बन्सी : चार म्हैने झाले. हितंच कामावर लागलाय. पलीकडच्या मजूरवस्तीत ऱ्हातो. एक डाव बाजारात तू दिसलीस त्याला, तर केळीच्या गाडीमागं लपला.

साखरबाई : औंदाच्या पितरपाटात मी त्याच्या नावाचा घास टाकला. सात वर्सं पत्ता न्हाई म्हणून. तू शेजारी बसला व्हतास, बन्सी. कावळा शिवंना तर तूच म्हणलास, आई, ऱ्हाऊ दे.

बन्सी : त्यानं शपथ घातली व्हती.

साखरबाई : आन हात कसा बदलला त्यानं? ल्हानपणी मी डावा हात बाजंला बांधून ठेवायची, तरी बदलला न्हाई.

बन्सी : डावा गेला, आई. मनगटापासून. खडी फोडताना दरड आली अंगावर. दोन वर्सं झाली.

साखरबाई : तुझ्या भणीच्या, विजयाच्या लग्नात मी काय बोलले, याद हाय तुला?

बन्सी : जाऊ दे ना.

साखरबाई : डाव्या हातानं बुंदी वाढली त्यानं. साऱ्या व्याह्यांदेखत मी म्हणले, असल्या हातापरीस थोटा असतास तर बरं. परात तशीच खाली ठेवली आन गेला. मी हाक बी मारली न्हाई. म्हणलं, भूक लागली की यील.

बन्सी : तो म्हणतो, आईच्या बोलण्यानं दरड पडत नसती.

साखरबाई : मग येत का न्हाई?

बन्सी : म्हणतो, मला बघितलं की तिला तिचंच बोलणं दिसंल. ते नको. नुसती धार लावून आण, म्हणला. उजव्यानं जमत न्हाई.

साखरबाई : पाणी घाल.

बन्सी : ऱ्हाऊ दे आता.

साखरबाई : घाल म्हणते ना. ही जुनी धार मोडून उजव्या हाताला बसवून देते. मग जमंल त्याला.

बन्सी : पोटरीवर फिरवून नको बघू धार. झाली की. दे, सांजच्याला पोचवतो.

साखरबाई : चाकू हातात देऊ नये. उंबऱ्यावर ठेवलाय. ज्याचा हाय त्यानं येऊन उचलावा.