घरमालकांची निवडणूक आणि हिचं शिलाई मशीन

आमची ही होती तेव्हाची, बेंगळूरातली गोष्ट. हिला शिलाई मशीनसाठी थोडे पैसे कमी पडत होते. गल्लीत भिशी होती. लिलावात जो जास्त रक्कम सोडेल तो भिशी उचलायचा आणि सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जायचे.

त्या महिन्यात घरमालक रामण्णांना निवडणुकीसाठी भिशी हवी होती. आम्ही सगळे त्यांचे भाडेकरू, त्यामुळे कोणी बोली लावेना.

ही म्हणाली, "मी पन्नास सोडते."

"स्वल्प थांबा, अक्का. मला जीप ठरवायचीय."

"मला मशीन घ्यायचंय, अण्णा."

चढाओढीत रामण्णांनी निम्मी भिशी सोडली. हिच्या वाट्यात मशीन आलं.

पुढे ते मत मागायला आले, तेव्हा मशीन थांबवून ही म्हणाली, "अण्णा, निवडून येण्याआधीच काम करणारा उमेदवार पहिल्यांदाच पाहिला."