चंद्रीची इर्जिक

या मंडळी, पुढं सरकून बसा. मृदंगावरचा हात जरा विसावू द्या बुवा, आता गोष्ट सांगायची आहे. त्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका — लेकराला शिकवायचं कोणी?

"गुरुजींनी!" आलंच उत्तर पहिल्या ओळीतून. मागच्या आजी म्हणतात, आईनं. तेही बरोबर. पण मंडळी, इथं तीनशे माणसं बसली आहेत, आणि "मी" असं एकही जण म्हणाला नाही.

राग मानू नका. ज्यांची गोष्ट सांगतो आहे, त्या नागनाथ गुरुजींचंही असंच होतं.

सावरदरा नावाचं गाव. पाऊस मोजका, दगड उदंड. दोन खोल्यांची शाळा आणि गुरुजी एकच, तालुक्याच्या गावाहून बदलून आलेले. शिकवणं असं की पाढे ऐकायला म्हशीसुद्धा थांबाव्यात! पण माणूस नेमाचा. कोणी म्हणालं, "गुरुजी, पोरगं घरी ऐकत नाही हो," की त्यांचं उत्तर ठरलेलं — "घंटा ते घंटा पोर माझं. घंटेनंतर तुमचं." झालं. घंटा वाजली की खोलीवर जायचं, एकट्यानं भाकरी थापायची, एकट्यानं खायची.

आता त्या गावाची रीत ऐका. दसरा झाला की ट्रक यायचा. निम्मं गाव सहा महिने ऊस तोडायला परमुलखात. आई-बाप निघाले की पोरंही निघायची, मागं ठेवायची कोणाकडं? चौतीस पोरांतली अकरा जायची. चैत्रात परतली की पाटीवर पुन्हा श्री गणेशा! गुरुजी चिडायचे, हजेरीवर लाल रेघ ओढायचे. लाल रेघेनं पोर थांबतं का हो?

त्या अकरांत एक चंद्री. नऊ वर्षांची. बाप वारलेला, आई मथुरा एकटी कोयता चालवायची. पोरगी अशी हुशार, की गुरुजी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. पण दोन वर्षं सहा-सहा महिने बुडाले होते. यंदाही गेली, तर पुढल्या वर्षी ती ऊसच तोडायला लागणार, हे गुरुजींना दिसत होतं.

म्हणून ट्रक यायच्या आदल्या दिवशी ते मथुरेच्या दारात गेले. घंटेनंतर! पहिल्यांदाच. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मथुराबाई, पोरीला नेऊ नका. तिचं नुकसान होतंय."

मथुरा भांडी पोत्यात भरत होती. म्हणाली, "ठिवते की. कुणाकडं ठिवू? तुम्ही ठिवता?"

गुरुजींची नजर उंबऱ्यावर गेली.

"शेताला इर्जिक मिळती गुरुजी," ती म्हणाली, "पोरीला न्हाई मिळत." आणि पुन्हा पोतं भरायला लागली.

इर्जिक म्हणजे काय, शहरातून आलेल्यांना सांगतो. एखाद्याचं शेत अडलं, माणूस आजारी पडला, की सगळं गाव आपापली अवजारं घेऊन जातं आणि एका दिवसात काम उरकतं. मजुरी नाही. ज्याचं काम, त्यानं फक्त जेवू घालायचं. आणि आमंत्रण आलं की "काम कसलं" असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे अपमान.

गुरुजी घरी आले. भाकरी तव्यावर करपली, लक्ष नव्हतं. बाईचं वाक्य डोक्यातून जाईना. आणि मग ते उठले, दगडूबांकडं गेले. दगडूबा म्हणजे गावातलं जाणतं माणूस, तोंडानं फटकळ. गुरुजी म्हणाले, "उद्या सकाळी शाळेत इर्जिक आहे. गावाला सांगा."

झाली की गंमत! सकाळी चाळीस माणसं शाळेसमोर हजर. कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या खुरपं, दगडूबांनी तर बैलजोडी आणलेली! त्यांना वाटलं, कुंपण घालायचं असेल नाहीतर मैदान सपाट करायचं असेल.

दगडूबा म्हणाले, "दावा काम."

गुरुजींनी चंद्रीचा हात धरला. तिला पुढं उभं केलं. म्हणाले, "हे काम."

गुरुजींनी सगळं सांगितलं. आई सहा महिने नसेल, पोर गावानं सांभाळायचं.

दगडूबांनी चिलीम काढली. "गुरुजी, इर्जिक एका दिसाची असती. सा म्हैन्याची कुणी ऐकली? आन जेवान कुठंय?"

जेवण! मंडळी, गुरुजी जेवणच विसरले होते. बाहेरचा माणूस, आमंत्रण दिलं आणि चूल पेटवली नाही. जेवणाशिवाय इर्जिक म्हणजे पाण्याशिवाय आंघोळ! लोक एकमेकांकडं बघायला लागले. कोणी कुदळ खांद्यावर टाकली. एक-दोघं निघालेसुद्धा. गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

तेवढ्यात गर्दीत मागं उभी असलेली मथुरा वळली आणि घराकडं चालायला लागली. लोकांना वाटलं, लाजून गेली. पण ती परत आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. दोन दिवसांच्या वाटेसाठी पहाटे उठून भाजलेल्या भाकऱ्या होत्या त्यात. संध्याकाळी ट्रक निघणार होता, आणि ही त्या भाकऱ्या शाळेच्या ओट्यावर बसून मोडत होती. चतकोर चतकोर. वर शेंगदाण्याची चटणी.

"माझ्या लेकीचं काम हाय," ती म्हणाली, "जेवान मी घालनार. बसा."

चाळीस माणसं खाली बसली. गुरुजी वाढायला उठले, तर ती म्हणाली, "तुम्ही बी बसा. तुम्ही बी इर्जिकीचंच मानूस." त्यांच्याही हातावर चतकोर ठेवला. मंडळी, इतकी वर्षं एकट्यानं जेवणारा तो माणूस गावाच्या पंगतीला बसला. लाज वाटली त्याला, आणि बरंही वाटलं.

दगडूबांनी भाकरी खाल्ली. हात झटकले. म्हणाले, "बाईचं अन्न पोटात गेलं. आता काम टाकून कसं जायचं? पोरगी माझ्या घरी निजंल."

मग कोणी सकाळची न्याहारी घेतली, कोणी वेणीफणी. गुरुजींनी पाळ्या लिहायला वही काढली, तर बाया हसल्या. "लिवता कशाला? गावाच्या ध्यानात ऱ्हातंय."

ट्रक गेला. मथुरा उपाशी गेली असेल का, हे मला ठाऊक नाही. आई सांगत नसते.

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोड झालं. कुठलं! पौषात चंद्रीनं जेवण सोडलं. शाळा सुटली की जिथं ट्रक उभा राहायचा, त्या दगडावर जाऊन बसायची. गुरुजी समजवायला गेले. शिस्तीवर दोन वाक्यं तयार ठेवली होती. पण जवळ गेले, आणि का कोण जाणे, तिच्याशेजारी धुळीतच बसले.

तीच म्हणाली, "गुरुजी, आई मला इसरंल का?"

सांगा, हे कुठल्या पुस्तकात आहे? गुरुजी म्हणाले, "मला नाही सांगता येत गं. चल, ज्यांना येतं त्यांच्याकडं जाऊ." आणि दगडूबांच्या म्हातारीपुढं तिला नेऊन बसवलं. म्हातारीचे दोन लेक परगावी. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "येडी का खुळी. मी इसरले व्हय माझ्यास्नी?" त्या संध्याकाळी चंद्री जेवली. गुरुजी दाराशी उभे होते. अक्षर न येणारी बाई काय शिकवते, ते बघत होते.

चैत्रात ट्रक आला. गाव चावडीपुढं जमलं. चंद्री धावत गेली, मायलेकींनी गळामिठी घातली. पोरीनं ट्रकच्या फळीवर लिहिलेलं सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मथुरा रडत होती, हसत होती.

इर्जिकीत काम संपलं असं काम करणाऱ्यांनी म्हणायचं नसतं. ज्याचं काम, त्यानं म्हणायचं. म्हणून दगडूबांनी विचारलं, "बाई, झालं का काम?"

मथुरेनं पोरीकडं पाहिलं. मग मागं वळून ट्रककडं पाहिलं. तिथून बाकीची दहा पोरं उतरत होती, उसाच्या पात्यानं हात चिरलेली. ती म्हणाली, "न्हाई बाबा. काम ऱ्हायलंय."

मंडळी, कोणी घरी गेलं नाही; तिथंच अकराही पोरांच्या पाळ्या ठरल्या. पुढल्या दसऱ्याला ट्रक आला, आणि सावरदऱ्यातलं एकही पोर त्यात चढलं नाही.

आता तुमच्याकडं येतो. लहानपणी आपण कोणाकोणाच्या ओट्यावर खाल्लं, कोणी आपलं नाक पुसलं, कोणी आपला कान धरला — ती सगळी घरची माणसं होती का हो? पोटात गेलेलं ते अन्न कोणाच्या तरी शिदोरीतलं होतं. ते खाऊन आपण काम टाकून आलो आहोत.

आरती करू, प्रसाद घेऊ. पण उठण्याआधी शेजारी बसलेल्याच्या कानात एक नाव सांगा. तुमच्या आळीतल्या पोराचं, जे तुमच्या घरचं नाही आणि ज्याचं काही अडलं आहे.

नाव आठवेना? मग आरती थांबवतो. देवाला घाई नाही.