सात चुकांचा अर्ज

...नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? मुलीचे दिवस भरलेले, पहिलटकरीण, डॉक्टरीणबाई म्हणाल्या कधीही ॲडमिट करावं लागेल, म्हणून मी चार दिवसांची रजा मागितली. एवढंच! पण आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रजा अशी मागत नाहीत हो! कपाटावर चिकटवलेला नमुना बघायचा, तारीख बदलायची, कारण बदलायचं, बाकी तस्संच उतरवायचं. मूळ अर्ज कुणा तापाने फणफणलेल्याचा, 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर'. तेव्हापासून सगळे सफरच होतायत... टायपिस्टबाई सफरिंग फ्रॉम सिस्टर्स मॅरेज, ड्रायव्हर सफरिंग फ्रॉम न्यू हाउस! कर्ता एकीकडे, क्रियापद भलतीकडे, इंग्रजीचा पार भुगा!

तुम्हाला सांगतो, मला नाही बघवलं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून स्वच्छ, शुद्ध अर्ज लिहिला. हेडक्लार्कबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे काय? आपला नमुना कुठाय?" म्हटलं, "मॅडम, नमुन्यात सात चुका आहेत." तर म्हणतात कशा, "असू देत की! पण त्या मंजूर झालेल्या चुका आहेत! तुमच्या या नव्या इंग्रजीची जबाबदारी कोण घेणार?" अर्ज परत! दुसऱ्या दिवशी नमुन्यातल्या साती चुका लाल शाईने दाखवून पुन्हा अर्ज दिला. तोही परत! आता यात माझं काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी बायकोचा फोन. "अहो, पोरगी आत गेली, सारखी बाबा बाबा करतेय, आणि तुम्ही तिथं व्याकरण कसलं शिकवताय?" तस्साच गेलो कपाटापाशी आणि मुकाट्याने उतरवलं... 'आय ॲम सफरिंग फ्रॉम माय डॉटर्स डिलिव्हरी'. सातच्या सात चुका जागच्या जागी! दोन मिनिटांत सही! वर हेडक्लार्कबाई म्हणतात, "बघा, येतं की तुम्हाला इंग्रजी!"

पोचलो तेव्हा नात चार तासांची झाली होती. लेक म्हणाली, "बाबा, उशीर केलात." नातीला हातात घेऊन रडलो नुसता.

रजेवरून परत येतो तर काय, जुना नमुना फाटला म्हणून कपाटावर नवा चिकटवलेला... माझा! खाली माझी ठसठशीत सही! आणि लोक शब्दन् शब्द उतरवतायत, आता तर कारणसुद्धा बदलत नाहीत. कालच आमच्या मीटर-रीडरने दाढदुखीची रजा घेतली... सफरिंग फ्रॉम माय डॉटर्स डिलिव्हरी. त्याचं अजून लग्न व्हायचंय हो! तरी मंजूर!

जाऊ दे... माझंच चुकलं.