मी असमर्थ आहे, हे खरे माना

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष रतिलालभाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सोसायटीचे सभासद बंधू आणि मागे बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

आधीच्या वक्त्यांनी माझे इतके गुण सांगितले की हा गिरधर कोण, ते बघायला मीच मागे वळून पाहिले. पाणी सोसायटीच्या अध्यक्षपदावरून आज तुम्ही मला निरोप देता आहात. खरे सांगू? फार हलके वाटते आहे.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी तापीवर आपले इंजिन बसले आणि पाण्याच्या पाळ्या ठरवायला तुम्ही मला निवडले. मी उभा राहून म्हणालो, "या कामास मी असमर्थ आहे." काय झाले? टाळ्या! असमर्थ म्हणजे अंगात कुवत नसलेला, असे शाळेत गुरुजींनी शिकवले होते. पण सभेत हा शब्द कोणी खरा मानतो का? जावयाने पानावर 'पुरे' म्हटले की सासूबाई आणखी एक मांडा वाढतात, तशी माझी गत. पुढच्या निवडणुकीत मी तेच जरा जोरात म्हणालो, तर तुम्ही हार घातलात. रतिलालभाई म्हणाले, "केवढा हा विनय!"

विनय कसला, अध्यक्ष महाराज? मला कोणाला नाही म्हणता येत नाही. आमच्या सौ. प्रमिलाबाई म्हणतात, "तुमले मांजरले बी हाकलता येत नही." त्या इथेच बसल्या आहेत, विचारा.

या उन्हाळ्यात इंजिन बिघडले. दुरुस्त होऊन आले तेव्हा सगळ्यांच्या पाळ्या तुंबलेल्या. पहिली पाळी दगूबाईंची, हे गावाला ठाऊक होते, मलाही. पण शांतीलालभाई आले, केळी करपते म्हणाले. मी म्हटले, घ्या. मग आणखी कोणी आले, त्यांनाही घ्या. दगूबाई आल्या की मात्र, "उद्या नक्की!" मागे कर्ते माणूस नाही, उसाच्या त्या एका वावरावर बाईंचे सगळे वर्ष.

शेवटी त्या भर बैठकीत पुढे आल्या. ओरडल्या नाहीत.

"गिरधरभाऊ, तुमले जमस का नही, इतलंच सांगा."

"नही जमस, बाई."

"मंग खुर्ची सोडा ना भाऊ! मन्हा ऊस वाळी ऱ्हायना."

मी उठलो. इतक्या वर्षांत माझे म्हणणे खरे मानणारे पहिले माणूस भेटले होते! लाज वाटली, नाही कशी वाटणार? पण त्याहून सुटल्यासारखे वाटले. उपाध्यक्ष सुपडूभाऊ खुर्चीत बसले, शांतीलालभाईंना तोंडावर नाही म्हणाले आणि पाणी दगूबाईंकडे वळवले. शांतीलालभाई रुसले खरे, पण आज पहिला हार त्यांनीच घातला.

संध्याकाळी मी दगूबाईंच्या बांधावर गेलो. सरीत पाणी शिरताना पाहून मला रडू आले. बाई म्हणाल्या, "आते खरं बोलनात, भाऊ. बठा, चहा ल्या." ऊस वाचला. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

आणि मंडळी, आत्ताच अध्यक्षांनी जाहीरपणे सुचवले की शाळा समितीचे अध्यक्षपद मी स्वीकारावे. मी त्या कामास असमर्थ आहे.

टाळ्या नकोत! दगूबाई, तुम्ही तरी यांना सांगा हो! बरे, बसा, मीच सांगतो. रतिलालभाई, नाही.

बघा, जमले!

या मायेबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणे झाले असेल, कोणाचे नाव राहिले असेल, तर पोटात घाला. माझे 'नाही' तेवढे ठेवून घ्या. आयुष्यातले पहिलेच आहे.