दादाचा मोटरसायकलवाला सिनेमा

...अहो, कसला अजरामर सिनेमा नि कसलं काय! तुम्हाला सांगतो, खुर्चीत बसून अंग आंबलं माझं, आणि पडद्यावर काय, तर दहा-बारा वाढलेले घोडे कातडी जाकिटं घालून मोटरसायकलवरून गावात येतात, हॉटेलातल्या खुर्च्या उलथ्या करतात, केस विंचरतात... आणि परत केस विंचरतात! याला बंड म्हणायचं? आणि विजारींना इस्त्री! एवढी धूळ खात आले मेले, पण घडी मोडलेली नाही! आमचं लाँड्रीचं दुकान, माझी नजर आधी तिथंच जाणार.

पण या सिनेमानं माझं आयुष्य खाल्लंय हो! माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तरुणपणी हा बघायला म्हणून गेला तो घरी आलाच नाही. दुकानाची कपडे पोचवायची मोटरसायकल घेऊन थेट पसार! वडिलांनी हाय खाल्ली, मला शाळेतून काढून इस्त्रीपुढं उभं केलं, आणि गठ्ठे पोचवायला काय? सायकल! दादा कधीतरी उगवायचा, गॉगल लावून. मी चिडलो की मान तिरकी करून, "तू तो सिनेमा बघितला नाहीस ना, तुला नाही कळायचं." वडील गेले तेव्हा कुठं होतास रे? "तू तो सिनेमा बघितला नाहीस ना..."

आता त्याचे गुडघे गेलेत, माझ्याकडेच असतो. परवा तो सिनेमा पुन्हा लागला. म्हटलं चल, दोघं बघू, कळू दे मला एकदाचं! तर मध्यंतर झालं आणि हा उठला. "चल, पुढं काही नाही." अहो, काही नाही काय? लोक नुसते चहाला चाललेत! बस खाली!

आणि पुढं काय, ऐका... तो त्यांचा म्होरक्या मोटरसायकल ढकलत घरी येतो, बापापुढं मान खाली घालतो, आणि बापाच्याच दुकानात ॲप्रन बांधून काउंटरमागं उभा राहतो! समाप्त!

दादा पांढराफटक. "दादा... तेव्हा मध्यंतरातच उठला होतास?" तर म्हणतो, "अंगात वारं शिरलं रे. पुढं बसवेचना." बसवेना म्हणे! अरे, अजून तासभर बसला असतास तर मी शाळा शिकलो असतो! रडू आलं हो मला, खोटं कशाला सांगू.

सकाळी बघतो तर दादा दुकानात. ॲप्रन बांधून, काउंटरमागं, हाताची घडी घालून उभा. मला भरून आलं. म्हटलं, "दादा, आलाच आहेस तर इस्त्री धर."

मान तिरकी केली आणि म्हणतो, "शेवटी तो नुसताच उभा असतो. तू नीट बघितला नाहीस ना, तुला नाही कळायचं."

...करतोय इस्त्री. मीच!